पिठावरची रेघ

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

देवमासा आणि टाचणी यांच्यात सारखं काय? समाधानने हे मला पोळ्याच्या सुट्टीत विचारलं होतं. मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही.

टाचणी म्हणजे कागदाला लावायची नव्हे. चतुर या किड्याची सडपातळ बहीण, आमच्या हौदावर पिवळी उडते ती. सहावीच्या सरांनी वर्गाला ‘फरक स्पष्ट करा’ असा अभ्यास दिला होता आणि जोडी आपापल्या मनाने निवडायला सांगितली होती. बाकीच्यांनी गाय-म्हैस, कावळा-चिमणी घेतली. माझ्या भावाने एकीकडे निळा देवमासा घेतला आणि समोर टाचणी. आमच्या पिठाच्या गिरणीतल्या पत्र्याच्या कोठीवर त्याने खडूने दोन रकाने पाडले. लांबी, वजन, खाणं, आयुष्य, आई. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. ‘आई’च्या ओळीत देवमाशाखाली ‘दूध पाजते’ लिहिलं, आणि टाचणीखाली ‘अंडी घालून निघून जाते’ लिहिताना त्याला फार हसू आलं. फरक संपले तेव्हा त्याने खाली मोठ्या अक्षरांत ‘साम्य’ लिहिलं आणि खडू धरून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, दोन्ही प्राणी आहेत.

“प्राणी तर मी बी शे, अक्का,” तो म्हणाला. “आखो सांग.”

ती जागा रिकामीच राहिली.

शुक्रवारी समाधान गेला. डेंग्यू. ताप उतरला म्हणून आम्ही सगळे हसलो होतो, मायने त्याच्या आवडीची कळण्याची भाकरी थापायला घेतली होती. ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं, हे मला जळगावच्या दवाखान्यात कळलं. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. आमच्या घरातली पहिली.

नवरात्र चालू आहे. आमच्या गल्लीतला गरबा मुलांनी आपणहून बंद केला आहे. त्या शांततेचाच जास्त त्रास होतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

पिठाची गोष्ट लिहून ठेवते, कारण माझ्याकडून त्यात चूक झाली.

आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याला ठेवलं होतं तिथे संध्याकाळी पीठ पसरतात, मध्ये दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर ठसा असतो. ज्या जिवाचा ठसा, त्या जन्माला माणूस गेला असं मानतात. पाखराची नखं, मुंग्यांची वाट, सापाचं वळण. माझ्या वडिलांची, नानांची, मोठी बहीण, द्रौपदाफुई, हे ठसे वाचते. तिला त्यासाठी गावात बोलावणं असतं. पण या वेळी तीच नको म्हणत होती.

“पोऱ्यासनं असं नही करतस, यशोदा. मोठ्या माणसासनं करतस.”

“मन्हा पोऱ्या कोठे गया, ते मले समजाले पाहिजे,” माय म्हणाली. मग फुईने कोपऱ्यातली टोपली घेतली.

पीठ आमच्याच गिरणीचं. नानांनी ते फडक्यातून चाळून दिलं. मांजर येऊ नये म्हणून टोपलीवर त्यांनी स्वतः पाटा ठेवला. सकाळी मी उठले तेव्हा ते चूळ भरून ओट्यावर बसलेले होते, रोजच्यासारखे सगळ्यांच्या आधी उठलेले. फुईने टोपली उचलली तेव्हा ते आत आलेसुद्धा नाहीत, वळून पाहिलंही नाही.

पिठावर बोटभर लांब सरळ रेघ होती. तिच्या एका टोकाला शेजारीशेजारी दोन ठिपके. दुसरं काही नाही.

फुई या बाजूने वाकली, त्या बाजूने वाकली. “पाखरू नही. साप बी नही, साप इतला सरळ कोठे चालस? मले तर काही समजत नही.”

सगळे माझ्याकडे वळले. माय म्हणाली, “दिपू, तू शिकेल शे. हाई काय शे, सांग.”

मी म्हटलं, उंदराची शेपटी लागली असेल.

मायने पदर तोंडावर घेतला. “मन्हा पोऱ्या उंदीर व्हयना?”

“इतलं कालेज शिकनी अन् उंदीरच दिखना का तुले?” फुई म्हणाली. “वर पाटा व्हता. उंदीर काय टपालमा उना?”

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी, अमळनेरहून परत आल्यावर, मी या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : पुरावा नसेल ते बोलणार नाही. डायरी बियाण्यांच्या कंपनीची, आत कपाशीच्या जाहिराती, पण ते वाक्य मी फार मनापासून लिहिलं होतं. धुळ्याला बी.एड.च्या पहिल्या दिवशी ओळख करून देतानाही तेच म्हटलं. आणि उंदराचा पुरावा माझ्याकडे कुठे होता? ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणायला हवं होतं. मायने तेव्हापासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही.

२ ऑक्टोबर

गिरणी बंद आहे, पण लोकांची आधीची दळणं पडून होती, ती पोहोचती करायला हवी होती. एका पोत्याचं तोंड शिवायला दाभण शोधत होते. नानांचं दाभण नेहमी वजनकाट्याच्या खिळ्याला अडकवलेलं असतं. तिथे नव्हतं. शेवटी घरातल्या दिवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात सापडलं, जिच्याखाली आम्ही पीठ पसरलं होतं तिच्यात. दाभणाच्या नाकात पीठ अडकलेलं. नाना अलीकडे काहीही कुठेही ठेवतात. दुःखाने माणूस विसराळू होतो. पुसून जागेवर अडकवलं. तसं आमच्या घरात पीठ न लागलेली वस्तू शोधावी लागेल.

५ ऑक्टोबर, रविवार

दहावा. गिरणा नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. काही इच्छा राहिली नाही म्हणाले.

माय घरी येऊन म्हणाली, “अकरा वरीसना पोऱ्या. काहीच इच्छा कशी राहिनी नही त्यानी?”

फुई पाण्याचा तांब्या घेऊन आत निघून गेली.

गुलाबाईच्या मुली या वर्षी आमचं दार टाळून शेजारी गाणी म्हणून गेल्या. समाधान त्यांचा खाऊ ओळखण्यात पहिला असायचा. झाकलेल्या डब्याला नुसतं कान लावून सांगायचा.

७ ऑक्टोबर

आज माय आपणहून गिरणीत गेली. मी मागोमाग गेले. कोठीवरचा खडू कोणी पुसला नव्हता. रकान्यांच्या वर समाधानने दोघांची चित्रं काढली होती. देवमासा कोठीवर मावला नव्हता म्हणून त्याचं शेपूट मागच्या बाजूला वळवलं होतं. टाचणी मात्र दोन-तीन फटकाऱ्यांत झाली होती. एक रेघ, आणि टोकाला दोन ठिपके, म्हणजे डोळे. टाचणीचे डोळे असेच डोक्याच्या दोन बाजूंना सुटे असतात, ते मीच त्याला सांगितलं होतं.

माय त्या चित्रावर बोट ठेवून उभी राहिली.

“दिपू. तीच रेघ शे.”

मला दिसलं. मला नाकारता आलं नाही. दोन गोष्टी सारख्या दिसणं हा पुरावा नसतो, हे मला माहीत आहे. पण मी काही बोलले नाही, कारण मायने घरात येऊन भाकरी मोडली आणि दुधात कुस्करून खाल्ली. समाधान गेल्यापासून पहिल्यांदा.

९ ऑक्टोबर

माय आता दिवसभर हौदापाशी बसते.

हा हौद आजोबांच्या काळातल्या तेल-इंजिनाचा, त्याचं पाणी थंड करायला बांधलेला. गिरणी विजेवर आली, हौद राहिला. नळ आठवड्याने येतो म्हणून आम्ही तो भरून ठेवतो. समाधानने त्यात कपाशीची एक वाळकी पऱ्हाटी उभी रोवली होती. टाचणीचं पिल्लू पाण्यात वाढतं, आणि दिवस भरले की काडीवर चढून वर येतं, पाठ उकलते आणि आतून टाचणी निघते. त्या पऱ्हाटीवर अशा चार-पाच पोकळ काती चिकटून आहेत. मायने एक हळूच काढली आणि तळहातावर घेतली. फुंकरीने उडेल इतकी हलकी.

“हाई त्यानंच आंगडं शे ना?”

मी बादली उचलून कडेला ठेवली.

“किती दिन जगस ती?”

इथे मला थांबता आलं असतं. पण मी खरं सांगितलं. पंख फुटल्यावर पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे.

माय बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे दिवाळी नही दखाव त्याले.”

थोड्या वेळाने तिचं तिनेच उत्तर काढलं. “पन पाणीमा पिल्लं शेतस. त्यामा तो परत यी.” आणि सांजेला नानांना बजावलं, हौदाला कोणी हात लावायचा नाही, बादलीसुद्धा बुडवायची नाही. नानांनी मान हलवली आणि वापरायचं पाणी शेजाऱ्यांकडून आणायला गेले.

मी खरं बोलले आणि त्यातून हे निघालं.

११ ऑक्टोबर, शनिवार

संघमित्राताई आली होती, आमच्या गावची आशा सेविका. समाधानला जळगावला न्यायची गाडी तिनेच मिळवली होती. तिने पांढऱ्या ताटलीत हौदाचं पाणी घेतलं आणि मला दाखवलं. डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

मी तिला म्हटलं, टाचणीची पिल्लं या अळ्या खातात. ते खरं आहे.

“खात असतील ना,” ती म्हणाली. “पण सगळ्या खातात असं तू लिहून देशील का, दिपमाला?”

नाही दिलं असतं. हौद उन्हात, वरून उघडा, आणि अळ्या समोर दिसत होत्या.

“रतिलालकाकांच्या नातीला ताप आहे. त्यांचं घर तुमच्या भिंतीला लागून. गुरुवारी गावाचा कोरडा दिवस आहे, साठलेलं पाणी ओतून टाकायचा, तोवर हौद रिकामा व्हायला हवा. औषध टाकू म्हटलं तर काकू टाकू देत नाहीत.”

माय हौदाच्या कठड्याला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागे पसरून.

“एक डाव गया तो,” माय म्हणाली. “आखो कसाले मारतस त्याले?”

संघमित्राताईने ताटलीतलं पाणी हौदात परत न टाकता मातीत ओतलं. मायने तिथली ओली माती हाताने चाचपून पाहिली.

१३ ऑक्टोबर

रतिलालकाकांची नात, बेबी, आठ वर्षांची. तिला आज जळगावला नेलं. तिचा तापही उतरला होता, पण या वेळी मी आणि संघमित्राताई दोघींनी ओरडून सांगितलं की आता घरी ठेवायचं नाही. ऐकलं त्यांनी.

हौद जबरदस्तीने रिकामा करता येईल. नानांना सांगितलं तर ते करतीलही. पण मग मायच्या डोळ्यांसमोर तो दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी मारणारे आम्ही असू. आणि नाही केला तर भिंतीपलीकडे एक मूल आहे. एक नाही, गल्लीत बरीच आहेत.

दुपारी गिरणीत जाऊन कोठीसमोर बसले. खडू कोठीखाली पडलेला होता. ‘साम्य’च्या पुढे खडू टेकवला. काही सुचेना म्हणून निळा देवमासा काढून पाहिला. त्याने बाजूने काढला होता, पाठ, पोट, शेपूट. मी वरून काढला, पाण्यावर येतो तेव्हा आकाशातून पाहिल्यासारखा. तो इतका लांब आणि निमुळता असतो की वरून नुसती एक रेघ दिसते. आणि डोक्यावर, शेजारीशेजारी, श्वासाची दोन छिद्रं.

मी खडू खाली ठेवला.

एक रेघ, टोकाला दोन ठिपके. समाधान, हे बघायला तू हवा होतास. पोळ्याच्या दिवशी मला हे सुचलं असतं तर तू घरभर नाचला असतास. एक जीव शंभर फुटांचा आणि एक बोटाएवढा, आणि वरून पाहिलं तर एकच चित्र. दोघंही पाण्यात जन्मतात. दोघांनाही हवेसाठी वर यावं लागतं.

मी रडत होते हे मला हातावरचा खडू ओला झाला तेव्हा कळलं. नाना दारात होते. त्यांनी गिरणीचं दार बाहेरून लोटून घेतलं, कोणी येऊ नये म्हणून.

१४ ऑक्टोबर

खोटं बोलणं म्हणजे नक्की काय, याचा दिवसभर विचार केला. आयुष्यभर मुलांना शिकवायचं आहे मला. ‘पिठावर देवमाशाचा ठसा उमटतो’ असं सांगणारी बाई विज्ञान शिकवणार?

पण टाचणीचा ठसा उमटतो हे मी ऐकून घेतलंच आहे. गप्प राहून. ते सोपं होतं म्हणून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी मायला गिरणीत घेऊन गेले. कोठीवर दोन्ही चित्रं एकाखाली एक होती. म्हटलं, “माय, ती रेघ टाचणीनी नही. देवमासानी शे.”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोठीकडे. मी समजावून सांगितलं की वरून तो असाच दिसतो, ते दोन ठिपके म्हणजे त्याच्या श्वासाच्या जागा. टाचणीचे डोळे असते तर ठिपके एकमेकांपासून जरा लांब पडले असते. हे शेवटचं मी तिथे उभ्याउभ्या जुळवलं.

“देवमासा,” माय म्हणाली. “म्हंजे देवना मासा?”

सरावपाठाच्या वर्गात मी पहिलं हेच पुसून काढते. तो मासा नाही, आणि देवाशी त्याचा काही संबंध नाही. मी म्हटलं, “हा.”

“कोठे ऱ्हास तो?”

“समुंदरमा.”

“या हौदमा नही?”

“या हौदमा मावाव नही तो, माय.”

ती कोठीच्या मागे गेली. समाधानने वळवलेलं शेपूट तिने हाताने चाचपलं. मागूनच विचारलं, “किती दिन जगस?”

“नव्वद वरीस.”

“मन्हापेक्षा जास्ती,” ती म्हणाली, आणि पुढे आली. तिचा चेहरा मला ओळखू येईना, इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा सैल पडला होता. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मी तयारी केली नव्हती.

“तठे माय शे का त्याले?”

कोठीवर समाधानच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते मी वाचून दाखवलं. देवमाशाची आई दूध पाजते. सोबत घेऊन फिरते. श्वास घ्यायला वर यायचं असतं तेव्हा जवळ असते.

“मंग बरं शे,” माय म्हणाली. “मंग बरं शे.”

नाना दारातच होते. ते अशा बोलण्यात कधी पडत नाहीत. आज म्हणाले, “देवमासाच तो. मले बी पहिल्यापासून तसंच वाटनं.” त्यांना पहिल्यापासून कसं वाटलं कोण जाणे, त्या सकाळी तर त्यांनी पिठाकडे वळूनही पाहिलं नव्हतं. मायने मात्र त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पदराने त्यांच्या बाहीवरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, “चाला. पाणी सोडी देऊत.”

टाचणीची पिल्लं मी ओढणीतून गाळून बादलीत घेतली आणि नाल्याच्या डबक्यात सोडली. त्यात बराच वेळ गेला, फुईने ओट्यावरून विचारलंसुद्धा, “काय व, सोनं गाळी ऱ्हायनी का?” मग हौदाचं लाकडी बूच मी ओढलं. पाणी मोरीतून गल्लीत आलं आणि उताराने नाल्याकडे निघालं. माय त्याच्या बाजूने चालत गेली. आमचा नाला गिरणेला मिळतो, गिरणा तापीला, तापी समुद्राला. मी तिला हे आधी सांगितलं होतं. हे खरं आहे. ‘देवना मासा’ सोडला तर मी आज जे जे सांगितलं त्यातली एकच गोष्ट खरी नव्हती, ती रेघेची, आणि मला वाटतं मायने नेमकी तेवढीच सोडून बाकी सगळी ऐकली.

बेबी परवा घरी येणार आहे. संघमित्राताईने झाकणाचे दोन ड्रम मिळवून दिले, पाणी आता त्यात भरायचं. हौदाची भिंत मी घासली, तळ फडक्याने पुसला. पऱ्हाटी उपटली नाही. ती कोरड्यात उभी आहे, काती तशाच.

‘साम्य’च्या पुढे लिहून आले.

डायरीचं पहिलं पान फाडलेलं नाही. ते वाक्य आहे तिथेच आहे, आज सकाळी मी ते मोडलं. हौद परत भरता येऊ नये म्हणून त्याचं बूच माझ्या पिशवीत आहे, कपड्यांच्या खाली, आणि हे मी धुळ्याच्या एसटीत बसून लिहिते आहे.